उंदराच्या मेंदूतला हलवा

२२ डिसें., सोम.

आज मागचा कॉक बंद. दिलीप कामाला जाताना ओट्याखाली वाकला, पाइपच्या गॅसचा कॉक फिरवला, वर लायटर खिशात टाकून गेला. माझा मुलगा. पन्नाशी उलटली, आईचा लायटर खिशात घेऊन फिरतो. ऑफिसात कोणी विडी पेटवायला मागितला तर सोय झाली.

कारण दूध. गेल्या बुधवारी पातेलं करपलं. मी बासुंदीसाठी मंद ठेवलं होतं, मुद्दाम. तसंच लिही.

(लिहिलं. — के.)

त्यावरून शुक्रवारी मुलुंडला नेलं, विसराळूपणाच्या डॉक्टरकडे. आजची तारीख काय, म्हणाला. म्हटलं, अमावस्या. तो मोबाइलमध्ये बघायला लागला, बिचारा. मग घड्याळ काढा म्हणाला, हातात पेन्सिल दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा धरली, ती पण उलटी. गोल मात्र झकास आला, भाकरीसारखा. आत आकडे घाला म्हणे. आकडे मला तोंडी येतात, कागदावर नाही. मग एक वाक्य लिहा. मी म्हटलं, सांगते, तू लिही. तसं चालत नाही म्हणाला.

तीन शब्द आधी सांगून ठेवले होते, शेवटी विचारले. आंबा. रुपया. तिसरा गेला तो गेलाच.

किती गुण पडले ते दिलीपला सांगितलं, मला नाही. त्याच्या तोंडावरून कळलं. दहावीला गणितात गेला होता तेव्हा असंच तोंड होतं.

सहा फेब्रुवारीला परत बोलावलंय. तोवर रोज काय झालं, काय विसरलं, सगळं लिहून आणा म्हणाला. त्यावर ठरणार: गोळी द्यायची का, गॅस परत मिळणार का, दिवसा मी घरात एकटी राहणार की बाई ठेवणार. म्हणून ही वही. नात केतकी लिहिते, मी सांगते. लिहिणारीनं मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय.

(बघू. — के.)


२४ डिसें., बुध.

हलव्याचं काय करायचं यावर सकाळी घरात पंचायत. तिसऱ्या मजल्यावरच्या सायलीच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, हातात बासरी, सगळं हलव्याचं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराला मीच नटवलंय. केतकीला पण. तिनं बसल्या बसल्या अर्धी बासरी खाल्ली होती.

पण हलव्याला मंद आच लागते, तासन् तास. आणि कॉक बंद.

दिलीप म्हणाला, "आई, विकत आणू." म्हटलं, आण. आणि तूच घालून बस.

शेवटी तह झाला. सकाळी सहा ते नऊ, केतकी घरात असेल तेवढा वेळ गॅस. तीन तासांत हलव्याला काटा फुटत नाही, पण महिनाभर रोज तीन तास म्हणजे फुटेल. कांजूरला थंडी तरी कुठे आहे म्हणा. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, त्यालाच आम्ही हवा पालटली म्हणतो.


२५ डिसें., गुरु.

मी परात घेऊन ओट्याशी, केतकी खाली फरशीवर लॅपटॉप घेऊन. माझ्यावर पहारा. पहारेकरीण स्वतःच्याच नादात. पाकाचा चमचा घालता घालता वाकून बघितलं. काळ्या काळ्या पडद्यावर हिरवे दाणे, प्रत्येकाला काटे.

"हलवा कधीपासून करायला लागलीस गो?"

"आजी, पेशी आहेत. उंदराच्या मेंदूतल्या."

केतकी उंदरांच्या मेंदूवर पीएचडी करते, चौथं वर्ष. तिची आई, म्हणजे माझी सून संगीता, लोकांना "रिसर्च" एवढंच सांगते. उंदराचं नाव काढत नाही. उगाच स्थळं जातील.

मी चष्मा पुसून परत बघितलं. खरंच हलवा. मधे गोल दाणा, चहूबाजूंनी काटे. काहींना एकच लांब शेपूट. माझ्या परातीतल्या दाण्यांना अजून काटा नाही, हिच्या उंदराला आहे. थोडं वाईट वाटलं.


२८ डिसें., रवि.

आज सुट्टी म्हणून सगळं विचारून घेतलं. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते.

उंदीर मारतात. आधी झोपवतात. नाव नसतं, नंबर असतो. बरं करतात. गावी आम्ही कोंबडीला नाव ठेवत नसू, ठेवलं की सुरी चालत नाही. मग मेंदू काढून त्याचे काप. पोळीच्या पापुद्र्याहून पातळ. अळूवडीचा उंडा कापतो तसे, पुढून मागे, ओळीनं. वडीच्या प्रत्येक कापात गुंडाळी वेगळी दिसते ना, तसं यातही. सगळे काप परत ओळीनं लावून बघितले की कळतं कुठली पेशी कुठे बसलीय. तो नकाशा. केतकी तो नकाशा काढते.

सगळ्या पेशींचा नाही. फक्त एका जातीच्या. त्यांना रंग लावून हिरवं चमकवतात. या पेशी एक रसायन सोडतात, नाव लांबलचक आहे, केतकीनं चारदा सांगितलं.

"काय करतं ते?"

"बाकीच्या पेशींना जागं करतं. लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे, हे लक्षात ठेव, असं."

म्हणजे हाळी. भातात डुक्कर शिरला की बांधावरून एकजण हाळी घालायचा, अख्खी वाडी जागी. हाळी घालणारा एकच, पण पोचते सगळ्यांना. केतकी म्हणाली, बरोब्बर तसंच. पेशी थोड्याशाच, मेंदूच्या पुढच्या भागात खाली दडून बसलेल्या, पण त्यांचे धागे पार वरपर्यंत सगळीकडे. एवढ्याशा उंदरात एकीचा धागा, सगळे फाटे उलगडून जोडले तर वीतभराहून लांब.

"आणि माणसात?"

"मग तर विचारूच नकोस."

यापुढे वहीत त्यांचं नाव हाळीवाल्या.


२ जाने., शुक्र.

केतकीचा वैताग. हाळीवाल्या मोजायच्या असतात. कॉम्प्युटर मोजतो, पण त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं. एक ती. दुसरा होता तो लग्नाला म्हणून रजेवर गेला आणि सासरच्या गावीच नोकरी धरून बसला. घरजावई.

म्हटलं, इकडे आण. मी मोजते.

हसली. हसू दे. आमच्या ह्यांची मिल बंद पडल्यावर सतरा वर्षं मालाडहून मण्यांची पुडकी यायची घरी, माळा ओवायला. हे घर त्या मण्यांवर तगलं. एक मणी इकडचा तिकडे गेला तर शेठ पुडकं परत पाठवायचा. मला मोजायला कोण शिकवणार?

तिनं टॅबवर चित्र मोठं करून दिलं. मी माझ्या पद्धतीनं केलं: एक पेशी बघितली, तिच्यावर बोटानं टिंब दिलं, एक दाणा वाटीत टाकला. कच्चा हलवा, काटा न आलेला. एका चित्राला एक वाटी; चित्र बदललं की टिंबं पुसली जातात, वाटी राहते. संध्याकाळी केतकीनं वाटीतले दाणे मोजून आकडा लिहिला, परत दुसऱ्यांदा मोजून बघितला. पोरीचा आजीवर विश्वास नाही, कॉम्प्युटरवर पण नाही. तिच्या गाइड मॅडमवर तरी आहे का कोण जाणे.


६ जाने., मंगळ.

पाक घालता घालता एकदम ओरडले, "गादी!"

केतकी दचकली. "काय झालं?"

"तिसरा शब्द! आंबा, रुपया, गादी. लाव त्या डॉक्टरला फोन."

"आजी, त्याला अठरा दिवस झाले. आता धरत नाहीत."

"का? आला ना?"

नाही धरत म्हणे. मनीऑर्डर उशिरा पोचली तरी पोचली असं आमच्यात होतं.

दुसरं. आज एका चित्राला म्हटलं, "हा म्हातारा उंदीर दिसतो." केतकीनं टॅब ओढून घेतला. "असं बोलायचं नाही! तरुण कोण, म्हातारा कोण, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मलापण माहीत नाही, मॅडमकडे यादी आहे. म्हणून तर नावं झाकलीत."

म्हटलं, माझ्यासाठी कशाला झाकतेस? उघडी ठेव. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुमच्या अख्ख्या संस्थेत नसेल.

मग हळूच विचारलं, म्हाताऱ्या उंदरात हाळीवाल्या कमी होतात का?

"तेच तर शोधतोय. किती जातात, आधी कुठल्या जातात, का आहेत पण नुसत्या सुकतात."

"आणि म्हाताऱ्या माणसात?"

लिहिता लिहिता थांबलीय. लिही ना गो.

(काही आजारांत कमी होतात. सगळ्या म्हाताऱ्या माणसांत नाही. — के.)


११ जाने., रवि.

वाद. पाच नंबरच्या चित्रात कॉम्प्युटर म्हणतो सत्तेचाळीस, केतकी म्हणते सत्तेचाळीस, माझ्या वाटीत एक्कावन्न. दिलीप पेपरमागून म्हणाला, "आई, दोनदा टाकले असतील. विसरली असशील." पेपर खाली न घेता.

मी केतकीला दाखवलं. ही एक दिसते, पण काटे दोन बाजूंना पळतायत. जोडदाणा आहे. हलव्यात पण होतो, पाक जास्त पडला की दोन तीळ चिकटतात, वरून एकच वाटतो. काटे बघावेत, दाणा नाही.

तिनं कापाच्या खालच्या थरातलं चित्र काढून बघितलं. मॅडमना पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. चार जोडदाण्यांपैकी तीन बरोबर. चौथी खरंच एकच होती. ती चूक माझी. कबूल.

मॅडमनी विचारलं, कोणी मोजलं? केतकीनं सांगितलं आजीनं. मॅडम हसल्या नाहीत म्हणे. म्हणाल्या, त्यांना आणखी द्या.

दिलीपनं पेपर खाली घेतला.


१४ जाने., बुध.

संक्रांत. काटा फुटला! पांढराशुभ्र, टोकदार, बोट टोचेल असा. पहिले चार दाणे देवाला, पाचवा टॅबच्या पडद्याशेजारी धरला. केतकी म्हणाली सेम टू सेम.


१७ जाने., शनि.

वाट लागली.

संगीताचं हळदीकुंकू, बिल्डिंगमधल्या वीसेक जणी. संगीता मलाही कुंकू लावते, दरवर्षी. दोघी-चौघी बघतात. बघू देत. मी आत बसते, हलवा पुरवते.

फ्रिजवर पाच वाट्या होत्या. पाच चित्रांच्या. मला लिहिता येत नाही म्हणून वाट्याच वेगवेगळ्या घेते: लाल काठाची, झाकणाची, पितळी, चेपलेली आणि दिलीपच्या बारशाची चांदीची. केतकीकडे यादी आहे, कुठली वाटी म्हणजे कुठलं चित्र. तीन दिवसांचं काम. कच्चे दाणे संपले म्हणून या वेळी काट्याचे घातले होते. केतकी रात्री येऊन मोजणार होती.

ती आली. फ्रिजवर काही नाही. वाट्या मोरीत, धुवायला. पाचही रिकाम्या.

वीस बायका उंदराचा मेंदू खाऊन, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणून घरी गेल्या.

मला हसू आलं. बाकी कोणाला आलं नाही. दिलीप म्हणाला, "आई, तूच बाहेर दिल्या असशील. हलवा पुरवत होतीस ना?"

मी म्हटलं, मी नाही दिल्या.

"आठवतंय का पण?"

न केलेलं कोणाला आठवतं?


१८ जाने., रवि.

केतकी म्हणते हे लिहायला नको, मी म्हणते लिही.

काल सगळे झोपेपर्यंत मी परत परत बघत होते. स्वतःच्या आतच. मी फ्रिजपाशी गेले होते का? गेले होते, पाण्याची बाटली काढायला. हात वर गेला होता का? माहीत नाही. संगीताच्या त्या मैत्रिणीनं "आजी, अजून हलवा आहे का?" विचारलं. मी काय म्हटलं? "आहे की." मग उठले का? तिथून पुढे नाही.

धागा तुटला नाही, सापडत नाही. केतकी म्हणते दोन्ही वेगळं असतं. कसं ओळखायचं ते मात्र तिला येत नाही. चार वर्षं झाली शिकतेय.

दिलीपनं सकाळचा सहा ते नऊचा तह मोडला. हलवा झालाय, दागिने ओवायला आच लागत नाही, म्हणून गॅस पूर्ण बंद. बाईसाठी कोणाला तरी फोन केला. दार लोटून केला, पण मी बहिरी नाही. ते अजून तपासलं नाही कोणी.


२० जाने., मंगळ.

आज अक्षर वेगळं दिसेल. केतकीला लॅबमध्ये उशीर, म्हणून संगीता लिहितेय. तिचं अक्षर छान आहे म्हणतात. मला सगळंच छान दिसतं.

मी सांगायला सुरुवात केली. लिही, शनिवारी वाट्या मी बाहेर दिल्या असाव्यात. आठवत नाही, पण दिल्या असणार. डॉक्टरला खरं कळलं पाहिजे.

संगीता लिहीत नाहीये.

"काय झालं? शाई संपली?"

"आई, वाट्या मी नेल्या."

आता लिही. ते पण लिही, तुझ्या तोंडचं.

(ताटातला हलवा संपला होता. बायका बसून होत्या. फ्रिजवर दिसला, मी घाईत ओतला. केतकीचं काम आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तोवर हे आईंना बोलून बसले होते. — सं.)

मग त्याच वेळी का नाही बोललीस, विचारलं. ती बराच वेळ टेबलावरचं कव्हर सारखं करत राहिली. मग म्हणाली, "दूध करपलं त्या दिवशी मी घरी आले तेव्हा घर धुरानं भरलं होतं. तुम्ही आत झोपला होतात. हाका मारल्या तरी उठेनात. मला वाटलं, तुमच्यावर आलं तर यांना पटेल, बाई ठेवतील. तुम्ही एकट्या नसाल."

हिनं माझ्यावर आळ येऊ दिला, तो मी जगावी म्हणून. भांडावं तरी कसं?

विचारलं, "बायका काय म्हणाल्या?"

"कशाला?"

"हलव्याला."

"म्हणाल्या, असा काटा बाजारात मिळत नाही."

मग हेच लिही सगळ्यात खाली. आणि डोळे पूस, वहीवर पडेल.


२१ जाने., बुध.

संगीतानं दिलीपला सांगितलं. तो आत येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसला. सॉरी म्हणेल असं वाटलं. म्हणाला, "आई, जेवलीस का?" आमच्यात तेच सॉरी.

लायटर ओट्यावर परत. कॉक अजून बंद. निम्मी सॉरी.


२५ जाने., रवि.

रथसप्तमी. बोरन्हाण. सायलीचं बाळ काळ्या झबल्यात, अंगभर पांढरा हलवा. कोणी चुरमुरे ओतले, कोणी बोरं, पोरांनी लुटालूट केली. बाळानं आधी मुकुट ओढला, मग बासरी तोंडात. मी केतकीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे नको बघू."

पाच वाट्यांची चित्रं परत मोजायची आहेत. मी रोज दोन-तीन करते, जुनी-नवी मिसळून. आता दाणे नाहीत, मणी घेतलेत. मणी कोणी खात नाही.


२९ जाने., गुरु.

दुपारी एकटीच मोजत होते. संगीता-दिलीप कामाला. बाईचा विषय सहा तारखेपर्यंत थांबलाय. एक चित्र आलं, आठ-दहा मणी टाकले आणि थांबले. हे मी बघितलंय. वाट्यांमधलं नाही, त्याच्याही आधीचं. वर उजव्या कोपऱ्यात तीन दाणे चुलीच्या दगडांसारखे होते, मधे मोकळी जागा, तिथे पातेलं बसेल एवढी. आज तेच तीन दगड खाली डावीकडे. चित्र उलटं फिरवलंय.

मोजणं पुरं केलं, आणि केतकी आल्या आल्या विचारलं. "एकच चित्र दोनदा दिलंस?"

ती चपला काढता काढता थांबली. "कुठलं?"

दाखवलं. तिनं लॅपटॉप उघडून जुळवलं. दोन तारखेचं. सत्तावीस दिवसांपूर्वीचं.

मग रडायलाच लागली. मला कळेना, मी बरोबर म्हणून की चूक म्हणून. "आजी, तू ओळखलंस. फिरवलेलं असून ओळखलंस."

"पण दिलंस कशाला?"

म्हणाली, सगळ्या मोजणाऱ्यांना मधेच एखादं जुनं देतात, न सांगता. दोन्ही वेळा आकडा तोच येतो का बघायला.

"ते झालं उंदरासाठी. आणि?"

लॅपटॉप मिटायला लागली.

"आणि माझ्यासाठी. हो ना?"

हो म्हणाली. मी रागावले. फसवलंस, म्हटलं. तो डॉक्टर निदान तोंडावर तरी विचारतो. जेवले पण तिच्याशी बोलले नाही. आता लिहून घेतेय म्हणून बोलणं भाग आहे. वाक्याला पूर्णविराम दे आणि जा.

(दिला. गेले. — के.)


१ फेब्रु., रवि.

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मीच विसरले. हे डॉक्टरला दाखवू नका, नाहीतर तेही मोजेल.

गोळीबद्दल विचारलं. ती कुठे काम करते? केतकी म्हणाली, ती नवीन हाळीवाल्या बनवत नाही. गेलेल्या परत आणत नाही. ज्या आहेत त्यांची हाळी हवेत जरा जास्त वेळ राहते, लगेच विरत नाही. एवढंच.

एवढंच म्हणजे थोडं नाही. बांधावरच्याचा आवाज बसला की आम्ही वाडीतले कान देऊन ऐकायचो. चालायचं.

पण आधी कळायला हवं ना, आवाज बसलाय की नाही. ते माझ्या डोक्याचे काप करून बघता येत नाही. केतकी म्हणाली, "आजी प्लीज." मी म्हटलं, अगो चौकशी करतेय फक्त.


३ फेब्रु., मंगळ.

ओट्याशी उभी होते तेव्हा डोक्यात आलं, म्हणून संध्याकाळी विचारलं.

"जुनी चित्रं किती दिलीस सगळी मिळून? वाट्यांची सोडून."

"कशाला?"

"सांग."

"चार."

मी ओळखलं एक.

केतकी लगेच बोलायला लागली. आकडे चारही वेळा जुळले. चारही, आजी! एकदोनचा फरक फक्त. मी स्वतः एकही चित्र ओळखलं नसतं, कोणीच ओळखत नाही, सगळी सारखीच दिसतात, एक ओळखणं हेच खूप आहे. भराभर बोलत होती. खरं बोलत असेल. माझ्याकडे बघत नव्हती एवढंच.

बाकीची तीन कुठली ते दाखव म्हटलं. दाखवली. मी प्रत्येक नीट बघितलं. एकात पिंपळाच्या पानासारखी मोकळी जागा आहे, सहज लक्षात राहावी अशी. छान चित्र आहे. पहिल्यांदाच बघितल्यासारखं छान.


५ फेब्रु., गुरु.

उद्या मुलुंड. दिलीपनं अर्धी रजा घेतलीय. केतकी पण येणार. ती डॉक्टरला सांगणार आहे की लिहिता न येणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी असते, चित्रं आणि वस्तू दाखवून, ती घ्या. मी म्हटलं पेन्सिल पण आणू दे, या वेळी सुलटी धरेन.

संध्याकाळी वही पहिल्यापासून वाचून दाखव म्हटलं. तिनं वाचली. दोनदा सगळे हसले, एकदा संगीता उठून बाल्कनीत गेली. जोडदाण्यांचं आलं तेव्हा दिलीप म्हणाला, "तीन बरोबर होत्या ना?" त्याला पाठ आहे.

वाचून झाल्यावर म्हटलं, पहिल्या पानावर जा. बासुंदीचं लिहिलंय ते खोड.

"का?"

संगीतानं तिचं खरं लिहिलं याच वहीत, मग मी कशी मागे राहू? लिही. बासुंदी वगैरे काही नव्हती. दूध मी ठेवलं. ठेवलं असणार, घरात दुसरं कोणी नव्हतं. पण ठेवल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. पातेलं बघितलं, काळं, आणि पहिलं जे तोंडाला आलं ते बोलले. दीड महिना तेच धरून बसले. हाळी आलीच नव्हती त्या दिवशी, का आली आणि मी ऐकली नाही, ते मला माहीत नाही.

दिलीप वाचत बसला होता. पेपर हातात होता, उलटा.

केतकीनं विचारलं, "खोडू, की तसंच ठेवून खाली हे लिहू?"

तसंच ठेव. दोन्ही दिसू दे. डॉक्टर शिकलेला आहे, काटे बघून ओळखेल एक दाणा आहे की दोन.

अजून साडेआठच वाजलेत. मणी काढलेत, पितळी वाटी घेतलीय. केतकीला म्हटलं एक चित्र दे, झोपायच्या आधी एक होईल. ती टॅबवर शोधतेय, बराच वेळ लावतेय.

दे कुठलंही. नवीन आहे का जुनं, ते सांगू नकोस.